ब्रँच सोडली

चावीवाल्याला आयुष्यात एका शब्दाबद्दल कधी शंका आली नव्हती. तो शब्द म्हणजे 'सोडलं'. सोडलं म्हणजे पाणी सोडलं. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खालच्या व्हॉल्वच्या डोक्यावर चावी बसवायची, आडव्या दांड्याला दोन्ही हातांनी रेटा द्यायचा आणि आटे फिरवायचे. मग खिशातून फोन काढून जोडीदाराला सांगायचं, "मेन सोडली. आता ब्रँच सोड." इतका सरळ मामला. या शब्दाला दुसरा काही अर्थ असू शकतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

पाणीखात्यात तो लागला खड्डे खणायला. पुढे आधीच्या चावीवाल्याची कंबर एका जाम व्हॉल्वने कायमची धरली, आणि चावी याच्याकडे आली. चावी म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी कांब. खाली चौकोनी तोंड आणि वर आडवा दांडा. ती खांद्यावर टाकून तो सकाळी निघाला की त्याचं नाव विचारायची कुणाला गरजच पडत नसे. सगळी वस्ती त्याला चावीवाला म्हणे. बायकोसुद्धा रागात असली की "आले चावीवाले" म्हणे, आणि ती बऱ्याचदा रागात असे, कारण त्याच्याबरोबर राहायचं म्हणजे रागाला तोटा नव्हता.

माणूस मनाने वाईट नव्हता, पण अर्धवट काम त्याला खपत नसे. नळदुरुस्तीवाल्याने वायसर न बदलता नुसता नट आवळला, की याचं पित्त खवळायचं. घरात कुणी डब्याचं झाकण नुसतंच वर टेकवून ठेवलं, तरी तो उठून ते दाबून बसवायचा आणि वर दोन वाक्यं ऐकवायचा. लेक लग्न होऊन दोन रस्ते पलीकडे राहायला गेली, तेव्हा तिच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर त्याने आधी सगळे नळ सोडून पाहिले आणि मग जावयाला हाक मारली.

त्याच्या हद्दीत खालच्या वस्तीला पाणी देणारी मेन होती आणि तिच्यातून फुटून टेकाडावर चढणारी एक ब्रँच होती. ही ब्रँच म्हणजे त्याच्या डोक्याचा ताप. खालच्यांनी नळ उघडे ठेवले की वरच्यांना धार येईना. ब्रँचच्या टोकाला एक शिंपीणबाई राहायच्या. त्यांची जीभ त्यांच्या कात्रीच्याच धारेची होती.

"सोडलंय का हो?" त्या खिडकीतून विचारायच्या.

"सोडलंय."

"मग माझ्या नळाला कळवलं नाहीत वाटतं."

"मेन भरली की चढेल वर. दम धरा."

"तुम्ही आपले सोडलंय, सोडलंय म्हणता. इथे बादलीच्या घशाला कोरड पडलीय."

हे रोजचं होतं. तो कपाळाला आठी घालून चावी खांद्यावर टाकायचा आणि उतरायला लागायचा. सोडलंय म्हटल्यावर सोडलंय. आणखी काय करायचं माणसाने?

मग एका सकाळी टेकाडावरच्या व्हॉल्वने हट्ट धरला. तो तसा कायमच जाम. ग्रीस पाठवतो, असं खात्यातून इतक्यांदा सांगून झालं होतं की चावीवाल्याने त्यावर कधीच पाणी सोडलं होतं. त्याने दात-ओठ खाऊन रेटा दिला. चावी हलली नाही, पण छातीच्या मधोमध काहीतरी आवळत गेलं. कळ जबड्यात चढली, डावा हात जड झाला आणि अंगाला दरदरून घाम फुटला. आम्लपित्त असेल, असं स्वतःला सांगत तो भिंतीला टेकून बसला. खाली मेनवर त्याचा जोडीदार वाट बघत होता. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण फोन नसता तरी त्याचं काही अडलं नसतं. फोन लागेना म्हणून भोंगा शिव्या घालत वर आला आणि याचा चेहरा बघून जागच्या जागी गप्प झाला. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

जवळ होता तो खात्याचा टँकर. त्यात घालून त्याला नेलं. वाटभर टँकरच्या मागच्या नळातून पाणी ठिबकत होतं, आणि छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखी गत झालेली असताना हा बाबा म्हणत होता, "आधी तो नळ आवळ रे."

रुग्णालयात मात्र कुणी त्याला बोलायला वेळ दिला नाही. अटॅक आहे, असं सांगून सरळ टेबलावर घेतलं. मनगटाला बधिर करायची सुई दिली आणि तिथून बारीक नळी आत घातली. भूल नव्हतीच, त्यामुळे त्याला सगळं ऐकू येत होतं. मान वळवली की बाजूचा मोठा पडदाही दिसत होता. पडद्यावर काळं काहीतरी झाडासारखं उमटायचं आणि विरून जायचं. एका जागी ते मध्येच तुटल्यासारखं दिसत होतं. नेमकं तिथेच त्याला एक फाटा फुटत होता.

"मेन बंद आहे," मास्कमागून डॉक्टरबाई म्हणाल्या. "ब्रँचच्या तोंडाशीच आहे सगळं."

चावीवाल्याला छातीतल्या कळेतही बरं वाटलं. मेन आणि ब्रँच! ही तर आपली माणसं. पुढे गुठळी काढल्याचं, फुगा फुगवल्याचं, स्टेंटची जाळी बसवल्याचं बोलणं त्याच्या कानावर पडत राहिलं. एकाएकी छातीवरचं ओझं उतरलं, इतकं की त्याला रडू आलं. तेवढ्यात बाईंच्या मदतनिसाने विचारलं, "मॅडम, ब्रँच?"

"सोड."

"सोडली."

चावीवाल्याने डोळे मिटून घेतले. काम पुरं झालं होतं. मेनही सुटली, ब्रँचही सुटली.

घरी आल्यावर भेटायला येईल त्याला तो हे सांगू लागला. "हाताच्या नसेतून गेले आणि दोन्ही लाइनी सोडून बाहेर आले. अर्धवट काम नाही. आपल्या खात्यात असा एक माणूस दाखव." भोंग्याला त्याने हे इतक्या वेळा ऐकवलं की भोंगा दारातूनच म्हणायला लागला, "हो, ब्रँचपण सोडली, कळलं." बायको अशा वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायची. लेक आलेली असली तर ती फोनमध्ये डोकं घालायची. त्याला वाटायचं, तेच तेच ऐकून कंटाळल्या असतील.

गोळ्या होत्या, पथ्य होतं, रोजचं चालणं होतं. ते सगळं तो शिस्तीत करत होता. राहायला तिसऱ्या मजल्यावर, पण जिना चढताना शिट्टी वाजवायचा. बायको हल्ली त्याला पुढे पाठवून स्वतः मागे रेंगाळायची. गुडघे कुरकुरतात, म्हणायची. कामावर कधी जाता येईल, हा एकच प्रश्न त्याच्यापुढे होता. बदलीवर आलेला माणूस वरची ब्रँच नीट सांभाळत नाही, असं कानावर येत होतं. शिंपीणबाईंनी म्हणे त्याला बादली उचलून दाखवली होती.

तपासणीच्या दिवशी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बायकोबरोबर गेला. डॉक्टरबाईंनी कागद पाहिले, छाती तपासली आणि छान आहे म्हणाल्या. मास्कशिवाय त्या त्याच्या लेकीच्याच वयाच्या दिसत होत्या.

"छान असणारच," चावीवाला म्हणाला. "एका दमात दोन्ही लाइनी सोडल्यात तुम्ही. मी सगळ्यांना सांगतो."

"दोन्ही कुठे काका? मेनला स्टेंट टाकला. ब्रँच सोडली आपण."

"तेच म्हणतोय मी. मेनपण सोडली, ब्रँचपण सोडली."

"नाही, नाही. सोडली म्हणजे सोडून दिली. तिला हात नाही लावला."

चावीवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायलाही वेळ लागला. "हात नाही लावला म्हणजे? तिथेही अडलेलं होतं ना?"

"तोंडाशी थोडं अरुंद आहे. मोठ्या नसेत स्टेंट उघडला की कडेची चरबी थोडी फाट्याच्या तोंडावर सरकते. पण पलीकडे रक्त व्यवस्थित जात होतं. अटॅक चालू असताना नस आधीच चिडलेली असते, ताजी गुठळी असते. अशा वेळी फाट्यावर दुसरी जाळी बसवत बसलं तर वेळ जातो, आणि दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की तिथेच पुन्हा गुठळी व्हायची भीती. म्हणून गरज नसेल तर ब्रँच सोडायची. हे मी बाहेर काकूंना आणि तुमच्या मुलीला त्याच दिवशी समजावलं होतं."

चावीवाल्याने बायकोकडे पाहिलं. भिंतीवर हृदयाचं मोठं रंगीत चित्र होतं. बायको ते चित्र असं बघत होती की जसं काही त्यावर तिची परीक्षा आहे.

बाहेर फुटपाथवर आल्या आल्या त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि मी सगळ्या गावाला सांगत सुटलो होतो, ब्रँचपण सोडली, ब्रँचपण सोडली. माझं हसं करून घेतलंस."

"कोण हसलं? मी हसले?"

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं होतं? तुम्ही खाटेवरून उठून पहिलं वाक्य काय बोललात? काम पुरं झालं, म्हणालात. तुमच्या तोंडावर किती दिवसांनी रया आली होती. मी म्हटलं, सांगू उद्या. उद्या सांगू म्हणता म्हणता तुम्ही शिट्टी वाजवत जिना चढायला लागलात." तिचा आवाज चढत गेला, येणारे-जाणारे बघायला लागले, पण तिला आता त्याचं काही नव्हतं. "तुम्ही वर चढायचात आणि मी खाली उभी राहून तुमची पावलं ऐकायचे. पाऊल थांबलं की माझा जीव थांबायचा. गुडघे चांगले आहेत माझे, काही झालेलं नाही गुडघ्यांना. सांगितलं असतं तर तुम्ही त्या दिवशीच हातपाय गाळून बसला असतात!"

"मी? हातपाय गाळणारा वाटलो तुला मी?"

पण झालं तसंच, हाच तर वैताग होता. त्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर त्याचं पाऊल थांबलं. काल ज्या जिन्यावर शिट्टी वाजत होती, तोच जिना, तेच पाय, तीच छाती. फरक एवढाच होता की आता त्याला माहीत होतं. छातीत जरा खुट्ट झालं की त्याच्या डोळ्यांसमोर तो काळा फाटा यायचा, अर्ध्यावर फिरवून ठेवलेल्या व्हॉल्वसारखा. टेकाडावरच्या ब्रँचमध्ये धार कशी कमी होत होत एक दिवस नुसती हवा येते, हे त्याने कितीदा पाहिलं होतं. पाण्यात जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बायकोशी त्याने अबोला धरला. बोलायचं झालं तर भिंतीला ऐकवायचा. "काही लोकांना सत्य सांगायची सवय नसते." ती ताट ठेवायची आणि म्हणायची, "काही लोकांना गरम जेवायची सवय नसते." लेकीने मध्यस्थी करून पाहिली. तर तिलाही, "तूसुद्धा त्यातलीच," एवढं म्हणून त्याने तोंड फिरवलं.

खात्याने त्याला दया म्हणून बसून करायचं काम दिलं. तक्रारींच्या फोनवर. ज्याने कुणी ही दया सुचवली त्याला चावीवाला मनातल्या मनात रोज वेगवेगळ्या व्हॉल्वच्या खड्ड्यात उतरवून वर झाकण ठेवत असे. खोलीला खिडकी नव्हती, पंखा कुरकुरत होता आणि फोनवर दिवसभर एकच विषय.

"पाणी सोडलंय का?"

"सोडलंय."

"आलं नाही अजून."

"येईल."

एकदा फोनवरचा आवाज ओळखीचा निघाला. "अगंबाई, चावीवाले? तुम्ही आहात होय?" शिंपीणबाई म्हणाल्या. "तब्येत कशी आहे?"

"बरी आहे. पण ब्रँच सोडलीय."

"हां, म्हणजे धार बारीकच असणार," त्या गंभीरपणे म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना चेष्टा करायची नव्हती. त्या स्वतःच्या नळाबद्दलच बोलत होत्या. पण चावीवाल्याने फोन ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा उचलला नाही.

छातीत जडपणा येतो म्हणून डॉक्टरबाईंनी त्याला पट्ट्यावर चालवायची चाचणी करायला लावली. छातीला तारा चिकटवल्या, पट्टा सुरू झाला. चढ लागायच्या आतच तो "थांबवा, थांबवा" करून कठडा पकडून उभा राहिला.

"काका, मशीनमध्ये तर काही दिसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तुम्ही फारच लवकर उतरलात, त्यामुळे यातून नक्की काही सांगता येत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"असं कुठे म्हणाले मी?"

"बाई, तुम्ही पुन्हा आत जा आणि ती ब्रँच करून टाका. अर्धं काम ठेवू नका. मी इतकी वर्षं पाइप बघतोय. तोंडाशी अडलं की पुढे गाळ बसतो, आणि गाळ बसला की लाइन गेली."

"पाइप बघितलेत तुम्ही, नस नाही." त्यांचाही संयम सुटत चालला होता. "पहिल्या दिवशी तुम्ही पाण्याचं काम करता हे ऐकून मला वाटलं, बरं झालं, मेन आणि ब्रँच म्हटलं की यांना पटकन कळेल. तीच माझी चूक झाली. पाइप मेलेला असतो काका. नस जिवंत असते, ती सैलावते, आवळते, स्वतःला सांभाळते. आणि चित्रात फाट्याचं तोंड नेहमीच असतं त्याहून अरुंद दिसतं."

"चित्राचं मला सांगू नका. लाइन सुरू आहे की नाही हे बघून कळत नाही. प्रेशर लावून बघावं लागतं."

"तेच सांगायला मघापासून तोंड उघडतेय! तुम्ही बोलू द्याल तर ना!" डॉक्टरबाईंनी पेन टेबलावर टाकलं. "टोकाला प्रेशर मोजायची सोय असलेली बारीक तार मिळते. ती फाट्याच्या पलीकडे नेऊन मोजता येतं. तुम्हाला छातीत त्रास होतोय आणि चाचणी अर्धी राहिली, म्हणून ते करूया. पण आधी एक कबूल करा. प्रेशर कमी निघालं तर मी ब्रँच करेन. चांगलं निघालं तर तिथे हात लावणार नाही, आणि मग तुम्ही माझं डोकं खायचं नाही."

त्याने मान हलवली.

पुन्हा तेच टेबल, तोच थंडगार वास, तेच मनगट. या वेळी कळ नव्हती, त्यामुळे भीतीला भरपूर जागा होती. पडद्यावर झाड उमटलं. मेन दिमाखात भरत होती. आणि तो फाटा तोंडाशी बारीक झालेला, त्याच्या डोळ्यांना स्पष्ट दिसणारा.

"बघा, बघा, आवळलाय!"

"काका, गप्प पडून राहा. आता एक औषध देतेय. मिनिटभर छाती भरल्यासारखी वाटेल, घाबरू नका."

ते त्यांनी सांगितलं होतं, तरी औषध गेलं आणि छाती भरली तसा तो ओरडला, "गेली! ब्रँच गेली!" मदतनिसाने त्याचा खांदा धरला. हळूहळू जडपणा ओसरला. डॉक्टरबाई दुसऱ्या पडद्यावरचे आकडे वाचत होत्या. त्याला आपल्या बायकोची फार आठवण आली, जिच्याशी तो कित्येक दिवस धड बोललाही नव्हता.

"तोंडाच्या अलीकडे शंभर असेल तर पलीकडे नव्वद पोचतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उत्तम आहे. इथे काही करायचं नाही."

चावीवाला छताकडे बघत राहिला. शंभरातले नव्वद! टेकाडावर त्याने नव्वद पोचवलं असतं, तर शिंपीणबाईंनी चौकात त्याचा पुतळा उभारला असता.

"मॅडम, ब्रँच?" मदतनिसाने विचारलं.

"सोड."

"एक मिनिट," टेबलावरून आवाज आला. "सोडली म्हणजे नक्की काय? उघडली की टाकून दिली?"

डॉक्टरबाई मास्कमागे हसल्या असाव्यात. "म्हणजे तिचं तिचं नीट चाललंय. तिला छळू नका, एवढंच."

त्यानंतर पट्ट्यावर तो चढापर्यंत चालला. मग पुढचा चढही चालला. जिन्यावर शिट्टी परत आली नाही, पण पाऊल थांबेनासं झालं. यथावकाश डॉक्टरबाईंनी कामावर जायला हरकत नाही असं सांगितलं. एकट्याने जाम व्हॉल्वशी कुस्ती खेळायची नाही, ही अट घातली. तक्रारींच्या खोलीतून निघताना त्याने फोनकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पहिल्या सकाळी तो चावी खांद्यावर टाकून टेकाड चढायला लागला. हवा गार होती. मध्यावर आल्यावर त्याला मागे पावलं ऐकू आली. तो थांबला की ती थांबत होती. वळून पाहिलं, तर घरातल्या चपला आणि अंगावर शाल, अशी बायको.

"तू इथे काय करतेस?"

"काही नाही. फिरायला आले."

"या चढावर? फिरायला?"

तो चिडला. परत तेच सुरू झालं, असं त्याला वाटलं. "अगं, तुझ्यासमोर सांगितलं ना त्यांनी? प्रेशर चांगलं आहे. तार घालून मोजलं. आता कशाला माझ्या मागे पावलं मोजत फिरतेस? मला काही होत नाहीये!"

"तुम्हाला तार घातली म्हणून तुम्हाला कळलं," ती म्हणाली. "मला कोण तार घालून बघणार?"

इतके दिवस आपलं काय होणार, हाच हिशोब त्याच्या डोक्यात चालला होता. तो टेबलावर होता तेव्हा ही बाहेर उभी होती. तो शिट्टी वाजवत होता तेव्हा ही जिन्याखाली उभी होती. त्याने अबोला धरला तेव्हाही ही ताट वाढत होती. त्याची भीती गेली होती, पण हिची तिच्याजवळच राहिली होती. ती कमी झाली का, हे विचारायलाही तो कधी थांबला नव्हता. त्याला स्वतःचा भयंकर राग आला, आणि तो राग कुणावर काढायचा हे मात्र या वेळी कळेना.

तो पुढे चालू लागला. ती मागे आलीच. व्हॉल्वपाशी त्याने झाकण उचललं, चावी खाली सोडून चौकोन बसवला आणि दांड्याला जरासा रेटा दिला. व्हॉल्व जागचा हलला नाही. ग्रीस अजून आलेलं नव्हतंच. भोंगा खाली मेनवर होता.

वरच्या खिडकीतून शिंपीणबाईंनी डोकं काढलं. "सोडलं का हो?"

"सोडतोय," तो ओरडला. मग त्याने दांड्याचं एक टोक बायकोला दाखवलं. "ये इकडे. धर."

"मी?"

"डॉक्टरबाईंनी एकट्याने करू नका म्हणून सांगितलंय. तू तुझं टोक ढकल, मी माझं ओढतो."

तिने शाल कमरेला खोचली आणि दांडा धरला. दोघांनी जोर लावला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा आट्यातून करकर आवाज आला, चावी तसूभर फिरली, आणि पायाखालच्या पाइपातून हवा सूं करत वर निघाली. बायकोने दचकून त्याच्याकडे पाहिलं.

"हवा आहे," तो म्हणाला. "घाबरू नकोस, पाणी मागून येतंय. धरून राहा तशीच, मी सांगेपर्यंत सोडू नकोस."